नळी आणि नेम : स्विस स्पर्धा-पिस्तुलांचा इतिहास

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची अचूकता दोन गोष्टींवर ठरते. नळी आतून किती चोख आहे ही पहिली, आणि प्रत्येक बारानंतर ती नळी नेमक्या त्याच जागी परत बसते की नाही ही दुसरी. साध्या रायफलच्या बाबतीत दुसरा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिची नळी जागची हलत नाही. पिस्तुलाचे तसे नसते. बार उडताच स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. काडतूस ताकदीचे असेल तर नळीही स्लाइडबरोबर थोडी मागे जाते आणि बहुतेक रचनांत खाली झुकते. फोरसाइट आणि बॅकसाइट मात्र स्लाइडवर बसवलेल्या असतात. म्हणजे नेम धरला जातो स्लाइडच्या रेषेत आणि गोळी निघते नळीच्या रेषेत. १२० मिलिमीटर लांबीच्या नळीचे तोंड एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ४ सेंटिमीटर सरकते. आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५ सेंटिमीटर असतो. एवढ्या हिशेबावरून या धंद्यातल्या कारागिरांचे आयुष्य कशात गेले असेल ते कळते.

नळीच्या आतल्या पेचदार खाचा, म्हणजे रायफलिंग, फार जुन्या. पंधराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण जर्मनीच्या परिसरात त्या दिसू लागल्या. खाचांत अडकून पुढे जाताना गोळीला फिरकी मिळते आणि फिरकीमुळे तिचा मार्ग स्थिर राहतो. हा अनुभव बंदूकवाल्यांना दोन-अडीचशे वर्षे होता, कारण मात्र ठाऊक नव्हते. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये तोफविद्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे १७४७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे रायफलिंगचा शास्त्रीय खुलासा मांडला. गोल गोळी साध्या नळीतून निघताना भिंतींना घासून कुठल्याही दिशेने फिरू लागते आणि म्हणून भरकटते, हे त्याने दाखवले. तरीही सैन्यांनी खाचांच्या नळ्या सरसकट स्वीकारायला आणखी शतक जावे लागले. तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत खाचांत बसेल इतकी घट्ट गोळी भरायला वेळ लागे, आणि काळ्या दारूची काजळी नळीत साचली की ती भरणे जवळजवळ अशक्य होई.

एकोणिसाव्या शतकात दोन इंग्रजांनी नळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रकारागीर मोजमापाच्या काटेकोरपणासाठी प्रसिद्ध होता. १८५७ च्या चाचण्यांत त्याच्या षट्कोनी नळीच्या रायफलने लष्कराच्या एनफील्डला लांब पल्ल्यावर सहज मागे टाकले. षट्कोन टिकला नाही, पण नळी पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकाच मापाची असली पाहिजे हा धडा टिकला. विल्यम मेटफर्डने पुढे दाखवले की गोळीला पकडायला खोल खाचांची गरज नसते, उथळ खाचाही पुरतात आणि त्या साफ ठेवणे सोपे जाते.

हे ज्ञान सगळ्या युरोपला उपलब्ध होते. स्वित्झर्लंडमध्ये त्याला जे रूप आले त्यामागे मात्र तिथली एक सामाजिक प्रथा आहे. तिथले सैन्य नागरिकांचे. शिपाई आपले शस्त्र घरी ठेवतो आणि गावच्या नेमबाजी मंडळात सराव करतो. १८२४ मध्ये आराऊ इथे राष्ट्रीय नेमबाज संघटना स्थापन झाली आणि पहिला संघीय नेमबाजी उत्सव भरला. अधिकाऱ्यांच्या हाती पिस्तुले असल्याने पिस्तुलाची स्पर्धाही ५० मीटरवर होऊ लागली. इतर देशांत लष्करी पिस्तूल म्हणजे अगदी जवळून वापरायचे शेवटचे साधन, त्याच्याकडून ५० मीटरवर अचूकता मागणे कोणाला सुचलेही नसते. स्वित्झर्लंडमध्ये तेच पिस्तूल रविवारी लक्ष्यासमोर उभे राही. सैन्याचे शस्त्र आणि स्पर्धेचे शस्त्र एकच असल्याने कारखान्यांना दोन्ही बाजूंनी उत्तर द्यावे लागले.

आराऊजवळच्या लेन्झबर्ग गावात १८६३ मध्ये योहान उलरिख हेमर्लीने कारखाना काढला. त्याचा मूळ धंदा स्विस सैन्याच्या रायफलींसाठी नळ्या करण्याचा होता, पिस्तुले फार नंतर आली. नळीपासून सुरुवात झालेल्या या घराण्याने पुढे जगभरच्या नेमबाजांना पिस्तुले पुरवावीत, हा योगायोग वाटत नाही. दुसरा कारखाना ऱ्हाइनच्या धबधब्याकाठी नॉयहाउझेन इथे १८५३ मध्ये रेल्वेचे डबे बांधण्यासाठी सुरू झाला. सैन्याच्या रायफलीचे काम मिळाल्यावर १८६४ मध्ये त्याने नाव बदलले आणि तो सिग या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला.

१९०० मध्ये स्विस सैन्याने लूगर पिस्तूल स्वीकारले. जगात हे पिस्तूल घेणारे ते पहिले सैन्य. लूगरची नळी बारानंतर सरळ रेषेत मागे जाते, झुकत नाही, आणि फोरसाइट नळीवरच बसवलेली असते. स्विस नेमबाजांना हे पिस्तूल आवडले आणि पुढे ते बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बनू लागले. पण त्याचे सुटे भाग घडवणे महाग पडे. स्वस्त पिस्तूल हवे होते आणि चाळीस वर्षांत लागलेली अचूकतेची चट मात्र सोडवत नव्हती.

याच पेचातून सिग पी-२१० जन्मले. फ्रान्समध्ये काम करणारा स्विस अभियंता शार्ल पेटेर याने फ्रेंच सैन्याच्या १९३५ च्या पिस्तुलाची रचना केली होती. सिगने १९३७ मध्ये त्याच्या पेटंटांचे हक्क घेतले आणि युद्धकाळात नमुन्यांवर काम केले. १९४९ मध्ये स्विस सैन्याने हे पिस्तूल स्वीकारले, पाठोपाठ डेन्मार्कनेही.

पेटेरच्या रचनेत नळी झुकते, म्हणजे लूगरची सरळ रेषा गेलेली. ती उणीव नॉयहाउझेनच्या कारागिरांनी जुळणीच्या काटेकोरपणाने भरून काढली. नळीच्या पाठीवरचे दोन उंचवटे स्लाइडच्या आतल्या खोबणींत शिरतात, आणि नळीखालच्या उंचवट्यातली वळणदार वाट फ्रेममधल्या आडव्या दांड्यावरून सरकत नळीला वर-खाली करते. स्लाइड पुढे आली की नळी खालून या दांड्यावर, वरून उंचवट्यांवर आणि पुढे स्लाइडच्या तोंडाशी टेकते. या तिन्ही टेकांवर फट उरली नाही तर नळी दर वेळी एकाच कोनात बसते. दुसरा विशेष स्लाइडच्या रुळांचा. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमला बाहेरून कवेत घेते. इथे ती फ्रेमच्या आत, फ्रेमच्या जवळजवळ पूर्ण लांबीच्या रुळांवर धावते, त्यामुळे डुगडुगत नाही. स्लाइड आणि फ्रेम एकमेकांना हाताने जुळवून एकाच क्रमांकाची जोडी म्हणून बाहेर पडत. आजच्या दृष्टीने हे काम न परवडणारे, पण त्या पिस्तुलाची सारी कीर्ती त्यावरच उभी आहे.

नळीत ६ खाचा आणि २५० मिलिमीटरमध्ये एक फेरा. ९ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३४० मीटर वेगाने निघाली, तर ती सेकंदाला सुमारे १३६० फेरे घेते. इतक्या फिरकीत नळीच्या तोंडाच्या कडेवर बारीकसा ओरखडा असला तरी मागून येणारा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. म्हणून चांगल्या नळीच्या तोंडाची कड किंचित आत घेऊन जपलेली असते. पिस्तूल कारखान्यातून निघताना ५० मीटरवर झाडलेल्या चाचणीचा कागद सोबत मिळे. ग्राहकाला शब्दांऐवजी भोके दाखवण्याचा हा रिवाज अजूनही उंची पिस्तुलांत पाळला जातो, आणि तो पाळला जावा.

स्पर्धेचा मुख्य प्रवाह मात्र छोट्या .२२ काडतुसाकडे वळला. त्याचा दाब कमी, त्यामुळे नळीला स्लाइडशी जखडावे लागत नाही. ती फ्रेममध्ये पक्की बसवता येते आणि नळी परत येण्याचा प्रश्नच मिटतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी जर्मनीच्या वाल्थरने असे पिस्तूल काढले. युद्धानंतर वाल्थरचे झेला-मेहलिस गाव सोव्हिएत विभागात गेले, कारखाना विस्कटला, आणि हे पिस्तूल परवान्याने लेन्झबर्गला बनू लागले. त्यातूनच १९६० च्या दशकात हेमर्ली २०८ आले. ते दीर्घकाळ स्टँडर्ड पिस्तूल प्रकाराचे प्रमाण मानले गेले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी उलटे पिस्तूल आणले, त्यात नळी हाताच्या पातळीवर इतकी खाली होती की झटका जवळजवळ जाणवत नसे. नियम बदलून ते बाद झाले. आज २५ मीटर पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, वजन १४०० ग्रॅमच्या आत हवे आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा.

नळी घडवण्याच्या रीतीही या काळात बदलल्या. जुनी रीत एका आकड्याने एकेक खाच थोडी थोडी कापत जाण्याची, सावकाश पण पोलादावर ताण न आणणारी. चाळिशीच्या दशकात कठीण कार्बाइडची गुंडी नळीतून ओढून सगळ्या खाचा एकदम दाबून उमटवण्याची रीत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत तिसरी रीत पुढे आली. तिच्यात खाचांचा उलटा साचा आत ठेवून बाहेरून हातोड्यांनी थंड पोलाद त्यावर ठोकतात. तिन्हींनी उत्तम नळी होते आणि तिन्हींनी वाईटही होते. अखेर फरक पडतो तो पोलादाचा एकजिनसीपणा, आतली घासाई आणि चेंबर नळीच्या अक्षाशी किती सरळ आहे यांवर.

स्विस सैन्याने १९७५ मध्ये पी-२१० च्या जागी सिगचेच स्वस्त आणि सोपे पी-२२० घेतले. सिगने १९७१ मध्येच हेमर्ली विकत घेतले होते, पुढे २००० मध्ये सिगने आपला शस्त्र विभागच विकला. हेमर्ली हे नाव नंतर उल्मच्या वाल्थरकडे गेले. पी-२१० आधी जर्मनीत आणि २०१७ पासून अमेरिकेत नव्याने निघाले, तिथे हाताच्या जुळणीची जागा संगणकनियंत्रित यंत्रांनी घेतली आहे.

स्थिर नळीच्या .२२ पिस्तुलाचा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉन इथल्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बरोबरी फोडण्याच्या फेरीनंतर त्यांनी पुन्हा सुवर्ण जिंकले, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.