जमिनीची भरती आणि अलिबागचा किनारा

अलिबागेस ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाता येते. भरती आली म्हणजे तोच किल्ला बेट होतो. हा पालट सर्वांस दिसतो. परंतु ज्या भूमीवर उभे राहून आपण तो पाहतो, तीही चंद्रसूर्यांच्या ओढीने दिवसातून दोनदा वरखाली होते, अमावास्या-पौर्णिमेस तर वीतभर, हे कोणासही दिसत नाही.

या भूभरतीवरून पृथ्वीचे अंतरंग किती ताठर आहे हे कळते, म्हणून ती मोजण्याचा खटाटोप. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी आपल्या बंधूसह १८८०-८१ च्या सुमारास केंब्रिज येथे अतिसूक्ष्म लंबक टांगला. पण चंद्राची ओढ बाजूस राहिली आणि जमिनीचीच चुळबुळ नोंदली जाऊ लागली. जवळ उभ्या असलेल्या मनुष्याने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला तरी लंबकास कळे! अखेर त्यांनी हिंदुस्थानातील बंदरांसह अनेक ठिकाणच्या सागरी भरतीच्या नोंदी तपासल्या आणि पृथ्वी पोलादाइतकी तरी ताठर असावी, असे १८८३ मध्ये अनुमान काढले.

किनाऱ्यावर तर अडचण दुणावते. उधाणात पाणी चार मीटर चढले, तर समुद्रतळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर चार टनांचा भार वाढतो. किनारा समुद्राकडे किंचित कलतो, आणि ते पाणी लंबकासही आपल्याकडे ओढते. हा विकार चंद्राच्याच तालावर होत असल्याने केवळ घड्याळावरून तो वेगळा काढता येत नाही. शिवाय येथील काळ्या कातळाच्या भेगांत पावसाळ्यात पाणी मुरते, आणि उन्हाने तापणारी जमीन सूर्याच्या भरतीचे सोंग घेते.

उपाय काय? तो अलिबागनेच एका निराळ्या मोजणीत दाखविला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी नानाभाई मूस यांनी १९०४ साली अलिबागेस हलविण्यास आरंभ केला. परंतु १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जागेजागेतील अंतर त्यांनी निश्चित केले, आणि मगच जुनी मालिका नवीस जोडली. भूभरतीसही हाच न्याय लागू पडतो. चंद्राची साक्ष घ्यावयाची, तर पायाखालच्या जमिनीची उलटतपासणी आधी झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.