किण्वन-फ्रिजमधील हवेचे अभिसरण

किण्वन-फ्रिजमधील हवेचे अभिसरण : आंबवण्याचे पदार्थ ठरावीक तापमानात ठेवण्यासाठी वापरलेल्या घरगुती फ्रिजमध्ये किंवा डीप फ्रीझरमध्ये हवा सतत व सर्वत्र खेळती ठेवण्याची व्यवस्था. तिचा हेतू थंडावा वाढवणे हा नसून आतले तापमान सगळीकडे सारखे राखणे हा आहे. बिअर व मीड (मधाचे मद्य) यांपासून कोम्बुचा (आंबवलेला चहा), दही आणि इडलीच्या पिठापर्यंत आंबवण्याच्या निरनिराळ्या प्रकारांना ती उपयोगी पडते.

पार्श्वभूमी : यांत्रिक प्रशीतन आणि किण्वन यांचा संबंध जुना आहे. कार्ल फोन लिंडे यांची प्रशीतन यंत्रे १८७० च्या दशकात प्रथम म्युनिकच्या श्पाटेन या बिअर कारखान्यात बसली. त्यापूर्वी लागर बिअर हिवाळ्यात साठवलेल्या बर्फावर अवलंबून असे. मोठ्या उद्योगात आज टाकीच्या दुहेरी भिंतींतून गार द्रव फिरवतात, म्हणजे द्रव थेट टाकीच्या अंगाला थंड करतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या दूलालीसारख्या सूक्ष्म मद्यनिर्मितीगृहांची पद्धत याच जातीची. घरगुती फ्रिजमध्ये मात्र गारवा हवेमार्फत भांड्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे तेथे हवेच्या हालचालीला महत्त्व येते.

उष्णतेचा हिशेब : यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड करते तेव्हा उष्णता बाहेर पडते. एक किलो साखरेमागे ती सुमारे ५५० किलोज्यूल असते. २० लिटर द्रावणात दोन किलो आंबणारी साखर असेल, तर चार-पाच दिवसांत सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तिचा सरासरी वेग तीन वॅटच्या आसपास असतो आणि किण्वन भरात असताना सहा वॅटपर्यंत जातो. २० लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात. म्हणून उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर सहा वॅटने द्रावण तासाला पाव अंश, म्हणजे दिवसाला सुमारे सहा अंश तापेल.

ही उष्णता भांड्याच्या अंगातून हवेत जाते. २० लिटरच्या भांड्याचे पृष्ठफळ सुमारे अर्धा चौरस मीटर धरू; स्थिर हवेत दर चौरस मीटरला एका अंशाच्या फरकामागे पाच वॅट उष्णता निघते. म्हणून सहा वॅट बाहेर पडायला द्रावण हवेपेक्षा सुमारे अडीच अंश गरम असावे लागते. लहान पंख्याच्या झोतात पाच वॅटचा हा आकडा दहा-बारा वॅटपर्यंत चढतो आणि फरक एका अंशावर येतो. २० अंशांची हवा आणि २० अंशांची बिअर एकच समजणाऱ्याची सर्वांत मोठी चूक याच अडीच अंशांत दडलेली असते. किण्वन भरात असताना तापमान चढले की यीस्ट फळांसारखा उग्र वास आणि फ्यूजेल (जड, झोंबणारी) अल्कोहोले अधिक बनवते, आणि ती पुढे चवीतून काढता येत नाहीत.

स्थिर हवेतील दोष : एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये गारवा वरच्या बर्फाच्या कप्प्यातून येतो. गार हवा जड असल्याने खाली उतरते आणि उबदार हवा वर जाते. मोठे भांडे मधोमध ठेवले किंवा काचेचे शेल्फ तसेच राहिले की ही वाट बंद होते. वरच्या बाजूची हवा गोठणबिंदूकडे जाते, खालचा कोपरा उबदार राहतो. वरून उघडणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये याच्या उलट गार हवा तळाशी साचते आणि झाकणाजवळचा भाग उबदार राहतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला स्वतःचा पंखा असतो, पण तो कॉम्प्रेसरसोबतच चालतो. बाहेरच्या तापमान-नियंत्रकाने वीज तोडली की तोही थांबतो.

पंख्याची जुळणी : संगणकात वापरतात तसा ८० किंवा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा विनाब्रशचा पंखा पुरतो. तो एक ते दोन वॅट घेतो. दोन वॅटचा पंखा दिवसरात्र चालला तरी रोज ०.०५ युनिटच वीज लागते. मोठा पंखा लावू नये, कारण पंख्याची वीजही शेवटी फ्रिजमध्ये उष्णता म्हणूनच उतरते, आणि दोन वॅट ही किण्वनाच्या सर्वाधिक उष्णतेची एक तृतीयांश असते. पंख्याला स्वतंत्र वीजजोड द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असतानाही हवा फिरत राहील.

उभ्या फ्रिजमध्ये पंखा तळाशी, वरच्या दिशेने झोत जाईल असा ठेवावा. आडव्या फ्रीझरमध्ये तो एका टोकाला बसवून तळाची गार हवा वर ढकलावी. भांडे आणि भिंती यांच्यात चारही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर मोकळीक ठेवावी. काचेचे शेल्फ काढून तारेची जाळी घालावी. झोत थेट तापमान-नियंत्रकाच्या सेन्सरवर किंवा भांड्याच्या एकाच बाजूवर पडू देऊ नये. केबल दाराच्या रबरातून किंवा पाणी निघण्याच्या छिद्रातून न्यावी. भिंतीला छिद्र पाडणे धोक्याचे असते, कारण अनेक फ्रिजांत गरम होणाऱ्या नळ्या भिंतीतच असतात, आणि अलीकडच्या अनेक फ्रिजांतला आर-६००ए हा शीतक वायू ज्वलनशील आहे.

सेन्सर आणि नियंत्रण : सेन्सर भांड्याच्या अंगाला, द्रावणाच्या पातळीच्या मध्याजवळ चिकटवून वर फोमचा तुकडा लावावा. तो मग द्रावणाचे तापमान दाखवतो, झोताचे नव्हे. नियंत्रकात अर्ध्या ते एक अंशाचा फरक आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यास तीन ते पाच मिनिटांचा विलंब ठेवावा. नाहीतर कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होऊन खराब होतो. अभिसरण पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी पाण्याचे दोन ग्लास, एक वर आणि एक तळाशी, तापमापकासह सहा-आठ तास ठेवावेत. त्यांच्यातला फरक एका अंशाच्या आत असेल, तर मांडणी योग्य समजावी.

ओलावा आणि वायू : फिरती हवा भिंतींवर साचणारे दव कमी करते, पण आतला ओलावा नाहीसा करत नाही. भिंती, दाराचे रबर आणि पंख्याची पाती ओल्या कपड्याने पुसून कोरडी करणे हाच बुरशीवरचा खरा उपाय. एरवी पंखाच बुरशीचे बीजाणू सगळीकडे पसरवतो. दोन किलो साखरेतून सुमारे ५०० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, म्हणजे लहान फ्रिजच्या पोकळीच्या दुपटीहून अधिक. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. एअरलॉकची (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेची) नळी फ्रिजच्या बाहेर काढावी आणि बंद खोलीत किण्वन ठेवल्यास खिडकी उघडी असावी. आडव्या फ्रीझरमध्ये डोके आत घालण्यापूर्वी झाकण उघडून, पंखा चालू ठेवून काही वेळ थांबावे.

एअरलॉक लावलेल्या किण्वनाला आत हवा लागत नाही. फिरती हवा तेथे फक्त उष्णता वाहून नेते. कोम्बुचा आणि व्हिनेगर यांच्या जीवाणूंना मात्र ऑक्सिजन हवा असतो. त्यांच्या बरण्यांवर कापड बांधतात आणि फ्रिजमध्ये ताजी हवा यावी म्हणून दार अधूनमधून उघडतात.

मुळशीतील परिस्थिती : स्थानिक हवामानाप्रमाणे फ्रिजचे काम बदलते. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पूर्वेला हिंजवडीपासून पश्चिमेला ताम्हिणी घाटापर्यंत पसरलेला आहे. पूर्वेकडील पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील पहाट १० अंशांच्या खाली येऊ शकते. त्यामुळे एकाच फ्रिजला उन्हाळ्यात थंड करण्याचे आणि हिवाळ्यात २५ ते ४० वॅटच्या दिव्याने किंवा उष्णपट्टीने उबदार ठेवण्याचे काम करावे लागते. दिवा असतानाही पंखा हवाच, नाहीतर त्याची ऊब एका कोपऱ्यात साचते. हिवाळ्यात इडलीचे पीठ फुगत नाही, दही लागत नाही, अशी तक्रार असते. पीठ २८ ते ३२ अंशांत, विरजण ४० अंशांच्या आसपास ठेवल्यास ती दूर होते.

पावसाळ्यात घाटाकडील गावांत हवा दिवसेंदिवस ओली असते. फ्रिजच्या मागच्या जाळीला भिंतीपासून दहा सेंटिमीटर जागा द्यावी आणि दाराचे रबर आठवड्यातून तपासावे. वादळी पावसात वीज गेली, तर दार न उघडता थांबणे सर्वांत चांगले. २० लिटर द्रावण भरात असले तरी बंद फ्रिजमध्ये चार तासांत सुमारे एकच अंश तापते.

कायदा आणि वापर : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, त्यामुळे घरी बिअर किंवा मीड बनवणे या राज्यात बेकायदेशीर आहे. मध आंबवून केलेले मीड पुण्यात मूनशाइन ही कंपनी बनवते, पण ते परवान्याखाली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तेथे यीस्टचे अनेक वाण जतन केले आहेत. वर दिलेले द्रावणांचे आकडे परवानाधारक निर्माते आणि प्रयोगशाळा यांच्यासाठी आहेत. घरगुती वापर दही, इडलीचे पीठ, कोम्बुचा यांच्यापुरता मर्यादित ठेवावा.

मूल्यमापन : किण्वन-फ्रिज सुधारताना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी भाग म्हणजे दोन वॅटचा पंखा. तो महागड्या नियंत्रकाची जागा घेत नाही, पण त्याच्याविना नियंत्रकाचा आकडा फ्रिजच्या एका कोपऱ्यापुरताच खरा ठरतो.