आंब्याच्या जुन्या झाडाचा ऱ्हास

आंब्याच्या जुन्या झाडाचा ऱ्हास म्हणजे पूर्ण वाढलेल्या झाडाची पालवी वर्षानुवर्षे विरळ होत जाणे, शेंडे वाळणे व अखेरीस झाड मरणे. अंगणातील व परसातील झाडांत तो विशेष आढळतो, कारण तेथे मुळांभोवतीची जमीन बांधकामामुळे वारंवार बदलते. एखादे वर्ष मोहोर न येणे हे ऱ्हासाचे लक्षण नव्हे. हापूससारख्या जाती स्वभावतःच एक वर्षाआड भरघोस फळतात.

कारणपरंपरा

ऱ्हासाचे कारण बहुधा एकच नसते. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये अशा कारणांचे तीन गट मांडले: झाडाला आधीच दुबळे करणारी, ऱ्हासाला चालना देणारी आणि शेवटी हातभार लावणारी. खोडकीड व बुरशी बहुतांशी तिसऱ्या गटात मोडतात. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी कीड हे मूळ कारण असेलच असे नाही.

जमीन व मुळे

अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्यालगत फरशी वा काँक्रीट घालणे, मातीचा भराव टाकणे, जलवाहिनीसाठी चर खणणे किंवा सांडपाणी साचू देणे यांमुळे मुळांना हवा मिळत नाही अथवा ती तुटतात. परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो. म्हणून निदानात अंगणातील मागील कामांची चौकशी आवश्यक ठरते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीलगत रुंदावतो. तो खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसल्यास भराव पडल्याचा संशय घ्यावा.

खोड व फांद्यांवरील लक्षणे

* भिरूड (खोडकिडा): खोडावर छिद्रे व त्यांतून पडणारा भुसा. अळी आतील लाकूड पोखरते. ती तारेच्या आकड्याने बाहेर काढता येते.
* फांदीमर: बुरशीजन्य रोग. फांदी शेंड्याकडून खाली वाळते, वाळलेली पाने काही काळ तशीच लटकतात, कधी डिंक स्रवतो. रोगट भागाच्या खाली निरोगी लाकडापर्यंत छाटणी करून जखमेवर बोर्डो मलम लावतात.
* बांडगूळ: फांदीतून पाणी व क्षार शोषणारी अर्धपरजीवी वनस्पती. तिचा प्रसार फुलटोच्या पक्ष्यांमार्फत होतो. नुसती पाने तोडल्यास ती पुन्हा फुटते. म्हणून ती जडलेल्या जागेच्या खालून फांदी कापतात.
* मूळकुज: बुंध्याशी उगवलेली कठीण, लाकडासारखी अळंबी. आतील लाकूड कुजल्याचे हे लक्षण असून झाड हिरवे असतानाही कोसळू शकते.

तपासणीचा क्रम

प्रथम वाळण्याचा नमुना पाहतात. एकच बाजू वाळल्यास त्या बाजूची मुळे वा खोड, तर संपूर्ण माथा विरळ झाल्यास जमीन व पाणी तपासतात. फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यावर आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास ती फांदी जिवंत असते. पानगळ झाली एवढ्यावरून झाड मृत ठरवू नये.

उपाय व कायदा

बुंध्याभोवतीचे काँक्रीट व भराव हळुवार काढणे, पाण्याचा निचरा करणे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन देणे हे प्राथमिक उपाय होत. मुळे दुबळी असताना भरमसाट खत वा कठोर छाटणी अपायकारक ठरते. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्यास पूर्वपरवानगी लागते. खाजगी अंगणातील झाडही त्यास अपवाद नाही.