तगरची वाट आणि महाविद्यालयाची हद्द

धाराशिव तालुक्यातील तेरणा नदीकाठचे तेर हे गाव प्राचीन इतिहासात तगर या नावाने येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची आणि तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेले जात असल्याची नोंद आहे. जुन्या वस्तीची पांढर, विटांचे त्रिविक्रम मंदिर, संत गोरा कुंभारांची समाधी आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय यांमुळे इतिहासाच्या अभ्याससहलींसाठी हे गाव सोयीचे ठिकाण आहे. अशा सहली कायद्याच्या कक्षेतही येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी २०१५ चे विनियम, म्हणजे संसदेच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात आयोगाने केलेले बंधनकारक नियम, लागू केले. त्यांतील ‘परिसर’ या संज्ञेच्या व्याख्येत अभ्याससहली, क्षेत्रभेटी, शिबिरे आणि महाविद्यालयाने पुरवलेले वाहन या सर्वांचा समावेश आहे. त्यामुळे एखादे महाविद्यालय विद्यार्थ्यांना घेऊन तेरला येते, तेव्हा ती पांढर आणि संग्रहालयाचे दालन ही कायद्याच्या दृष्टीने त्या महाविद्यालयाचाच भाग ठरतात. महाविद्यालयाच्या जबाबदारीची हद्द कुंपणाच्या भिंतीपासून येथवर सरकण्यास मात्र फार काळ लागला.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत विनयभंगासाठी कलम ३५४ आणि शब्द, आवाज वा हावभाव यांनी स्त्रीचा अवमान करण्यासाठी कलम ५०९ होते. परंतु तेर हे निजामाच्या राज्यात होते, त्या राज्याची दंडसंहिता स्वतंत्र होती, आणि सप्टेंबर १९४८ मधील विलीनीकरणानंतर १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली. उच्च शिक्षणाची व्यवस्थाही अशीच उशिरा आली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहणाऱ्या या भागाला २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे स्वतःचे मराठवाडा विद्यापीठ मिळाले. या काळात महाविद्यालयात जाऊ लागलेल्या मुलींच्या पाठीशी जो कायदा होता, त्याला गुन्हेगार आणि पोलीस ठाणे एवढीच दोन स्थाने ठाऊक होती. ज्या संस्थेच्या आवारात गुन्हा घडला, तिने तो टाळण्यासाठी काय केले, हा प्रश्न त्या कायद्यात कोठेही विचारला जात नव्हता.

या कायद्याच्या उणिवांवर देशव्यापी चर्चा सुरू झाली ती महाराष्ट्रातीलच एका खटल्यामुळे. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप होता. मथुरा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती झाली. अधिकाराच्या बळावर होणाऱ्या अत्याचाराला या दुरुस्तीने अधिक कठोर शिक्षा ठरवली. तथापि अशा अधिकारी व्यक्तींच्या यादीत पोलीस, लोकसेवक, तुरुंग व सुधारगृहांचे कर्मचारी आणि रुग्णालयातील कर्मचारी होते, शिक्षक नव्हता. गुण, हजेरी, शिफारसपत्र आणि संशोधनाचे मार्गदर्शन हातात असलेल्या माणसाची सत्ता ही सत्ताच आहे, हे कायद्याला तेव्हा दिसले नाही. शिक्षक हा शब्द त्या यादीत आणखी तीस वर्षांनी, २०१३ च्या दुरुस्तीने आला.

मध्यंतरी, १९९० मध्ये, उल्हासनगरच्या एका परीक्षा केंद्रात दहावीचा पेपर लिहीत असलेल्या मुलीला एकतर्फी प्रेमातून जिवंत जाळण्यात आले. परीक्षागृहासारखी बंदिस्त जागाही मुलींसाठी सुरक्षित नाही, हे त्या घटनेने राज्याला दाखवले. संस्थाप्रमुखांवर कायद्याने भार टाकण्यास मात्र आणखी नऊ वर्षे गेली, आणि तोही रॅगिंगच्या निमित्ताने. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार तक्रार मिळताच प्राचार्याने सात दिवसांत चौकशी करावयाची असते, आणि त्याने कुचराई केल्यास त्यानेच गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे मानले जाते. प्राचार्याच्या स्वस्थतेला दोष मानणारी ही तरतूद तिच्या योग्यतेच्या मानाने फारच थोड्यांना परिचित आहे.

लैंगिक छळाच्या बाबतीत हे तत्त्व न्यायालयाच्या मार्गाने आले. राजस्थानातील भटेरी येथे बालविवाह रोखणाऱ्या ‘साथिन’ कार्यकर्तीवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला, कामाच्या ठिकाणी तक्रार समिती सक्तीची करणारा विशाखा निकाल सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत तक्रार समितीला आजही ‘विशाखा समिती’ असेच म्हटले जाते. स्त्री अध्यक्ष, किमान निम्म्या स्त्री सदस्य आणि संस्थेबाहेरचा एक जाणकार सदस्य हा समितीचा साचा तेथे ठरला. परंतु समितीने दोषी ठरवल्यानंतरही सेवानियमांखाली विभागीय चौकशी नव्याने होत असे आणि तक्रारदार स्त्रीला तीच साक्ष पुन्हा द्यावी लागे. ही अडचण दूर करण्याचे श्रेय पुण्याच्या ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोतवाल लेले व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. त्यांच्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २००४ रोजी समितीचा अहवाल हाच सेवानियमांखालील चौकशी अहवाल समजला जाईल असा आदेश दिला, आणि १९ ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालात, विशाखा निकालाला पंधरा वर्षे होऊनही त्याची अंमलबजावणी अनेक ठिकाणी झालेली नाही, असे नमूद करून राज्यांना सेवानियम बदलण्यास सांगितले. विशाखा निकालाच्या मानाने या आदेशांचा उल्लेख क्वचित होतो; समितीच्या शब्दाला वजन आले ते मात्र यांच्यामुळेच.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायदे वेगाने झाले. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला आणि समिती न नेमणाऱ्या संस्थेला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. मे २०१६ मध्ये राजपत्रात आलेल्या आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी हाच साचा शिक्षणसंस्थेच्या मापाने पुन्हा घडवला. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात, तर कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना समितीत बसता येत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची असते आणि सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी नव्वद दिवसांत आणि अहवालावरील कारवाई त्यानंतर तीस दिवसांत व्हावी लागते. स्त्रीप्रमाणेच पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या तक्रारीही या विनियमांत बसतात.

तालुक्याच्या ठिकाणी मात्र या मापाचे कपडे सैल पडतात. मराठवाड्यात एकाच इमारतीत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय चालणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि त्या इमारतीत दोन कायदे शेजारी नांदतात. बारावीतील सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, लागू होतो. त्यानुसार गुन्हा कळताच पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे, आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. पदवीच्या वर्गातील तिच्या एकोणीस वर्षांच्या बहिणीला मात्र समितीकडे जावे की पोलिसांकडे, की दोहोंकडे, हे स्वतः ठरवता येते. हा भेद प्राचार्याला ठाऊक नसेल, तर पहिल्या प्रकरणात समितीची बैठक बोलावून थांबणे हाच गुन्हा ठरतो.

उलट बाजूचा धडा गोव्याने दिला. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाची लैंगिक छळाच्या तक्रारींवरून झालेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली, कारण समितीने अखेरच्या टप्प्यात घाई करून त्याला बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा त्या टप्प्यापासून करण्याचा आदेश झाला. समितीने नियम न शिकता काम केले की त्याचा भार शेवटी तक्रारदार मुलींवरच पडतो, कारण त्यांची साक्ष वर्षानुवर्षे लोंबकळत राहते.

तेरच्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने प्रश्न महाविद्यालयाच्या हद्दीबाहेरही उरतो. धाराशिवला नेणारी एस.टी. महाविद्यालयाने पुरवलेली नसल्याने ती ‘परिसरा’त मोडत नाही, तेथील पाठलाग वा छेडछाड १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ खाली पोलिसांकडेच न्यावी लागते. गावातील खाजगी शिकवणीत दहापेक्षा कमी कर्मचारी असल्यास, किंवा आरोप चालकावरच असल्यास, सज्ञान मुलीची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तालुक्यातील समन्वय अधिकाऱ्याने ती सात दिवसांत तेथे पोहोचवावी असे २०१३ चा कायदा सांगतो. गावापर्यंत पोहोचणारा कायद्याचा हात हाच आणि सर्वाधिक दुर्लक्षित दुवाही हाच. गोव्याच्याच त्या प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला देशातील प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत आणि स्थानिक समिती ३१ जानेवारी २०२५ पर्यंत नेमण्याचा आदेश द्यावा लागला. कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षे होत आली होती.