नदीचे मूळ, माणसाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मलप्रभेचा उगम कणकुंबीस, इतक्या जवळ असलेल्या आम्हां बेळगावकरांस उगमाचे वेड कळणे तसे कठीणच. परंतु एकोणिसाव्या शतकात नाईलच्या उगमाने युरोपला झपाटले होते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी त्या शोधात आयुष्याची अखेरची सात वर्षे वेचली. या कथेचा एक धागा गोदाकाठच्या नाशिकास येऊन मिळतो.

गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील अनेकांना नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात अक्षरओळख, सुतारकाम व लोहारकाम शिकविले जाई. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. पुढल्या जानेवारीत ते आफ्रिकेस निघाले, तेव्हा तेथील नऊ तरुण त्यांच्यासोबत होते. १८७२ मध्ये स्टॅन्लीने पाठविलेल्या तुकडीतून जेकब वेनराइट व आणखी काही नाशिककर त्यांना जाऊन मिळाले.

मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तले. सरकारी दप्तरात हयात घालविलेल्या आम्हांस पुढला प्रसंग विशेष वाटतो. जेकबने मृताच्या सामानाची रीतसर यादी केली. हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना त्यानेच वाचली आणि खोडावर लेखही त्यानेच कोरला. मग सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखाली या मंडळींनी हजार मैलांहून अधिक वाट तुडवून शव व कागदपत्रे फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यास पोचविली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला. तेथे शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लीसोबत जेकबही होता.

लिव्हिंग्स्टन ज्या लुआलाबेस नाईलचा उगमप्रवाह समजत होते, ती पुढे काँगोची ठरली. उगम हाती लागला नाही, पण त्यांची टिपणे मात्र जगापुढे आली, ती या अनुयायांमुळेच.

आपल्या घराण्यांतून कोण कोठून या भागात येऊन वसला, याच्या वंशावळी निगुतीने जपलेल्या असतात. शरणपूरच्या मुलांचे गाव, गोत आणि आईबापांनी ठेवलेले नाव गुलामगिरीने हिरावले होते. जेकब वेनराइट हे नावही परक्यांनीच दिलेले. ज्यांचे स्वतःचे कूळ पुसले गेले, त्यांनी दुसऱ्याची नोंद प्राणपणाने जपली. नदीच्या शोधाचा इतिहास लिहिताना त्यांची नावे तळटीपेत राहू नयेत. निदान मराठी मुलखाने तरी त्यांस आपल्या इतिहासात जागा द्यावी, असे आम्हांस वाटते.