सरकता चुंबकीय ध्रुव

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते, असे आपण शाळेत शिकतो. उत्तर चुंबकीय ध्रुवाजवळ मात्र हेच होकायंत्र निरुपयोगी ठरते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जमिनीला जवळजवळ समांतर असतात. ध्रुवाकडे जाताना त्या अधिकाधिक कलतात आणि चुंबकीय ध्रुवावर जमिनीशी काटकोन करतात. तेथे क्षेत्राची तीव्रता विषुववृत्ताच्या सुमारे दुप्पट असते. परंतु सुईला दिशा देणारा आडवा घटक शून्यावर येतो.

हा ध्रुव एका जागी स्थिरही नाही. जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश दर्यावर्दीने १ जून १८३१ रोजी आजच्या कॅनडातील बूथिया द्वीपकल्पावर त्याचे स्थान निश्चित केले. रोआल्ड आमुंडसेन यांनी १९०४ मध्ये केलेल्या मोजणीत तो सरकल्याचे दिसून आले. १९९० च्या दशकात त्याचा वेग वाढला आणि पुढे वर्षाला ५० किलोमीटरच्या वर गेला. अलीकडे हा वेग काहीसा मंदावला असला, तरी सायबेरियाच्या दिशेने त्याची वाटचाल सुरूच आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवरील बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोखंडाचे बदलते प्रवाह हे यामागील कारण होय.

जहाजे, विमाने आणि मोबाइल फोनमधील दिशादर्शक ज्यावर विसंबून असतात, ते जागतिक चुंबकीय प्रारूप दर पाच वर्षांनी सुधारले जाते. आर्क्टिक प्रदेशातील वाढत्या चुकीमुळे मात्र ते फेब्रुवारी २०१९ मध्ये मुदतीपूर्वीच बदलावे लागले.