पाण्याच्या वाटेने तुर्कमेनिस्तान

मध्य आशियाच्या सहलीचा विचार करणारा मराठी पर्यटक बहुधा ताश्कंद, समरकंद आणि बुखारा या उझबेक शहरांपर्यंत जाऊन परततो. तेथून नैर्ऋत्येला, अमुदर्या नदी ओलांडली की तुर्कमेनिस्तानचा विस्तीर्ण मुलूख सुरू होतो. तिकडे मात्र फारच थोडी पावले वळतात. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा, सुमारे ४ लाख ९१ हजार चौरस किलोमीटरचा आहे. २०२२च्या जनगणनेतील अधिकृत लोकसंख्या मात्र अवघी ७० लाखांच्या आसपास, आणि तीही प्रत्यक्षात बरीच कमी असावी, असे बाहेरच्या अनेक अभ्यासकांना वाटते. देशाचा सुमारे ७० टक्के भाग काराकुम वाळवंटाने व्यापला आहे. 'काराकुम' म्हणजे काळी वाळू.

संगमरवरी राजधानी, जमिनीत धगधगणारे वायूविवर आणि आत्मस्तुतीत रमलेले राज्यकर्ते एवढ्यावरच या देशाची वर्णने बहुधा आटोपतात. हे सारे खरे असले, तरी त्यातून देश कळत नाही. तो कळण्यासाठी एकच प्रश्न मनाशी बाळगून प्रवास करावा : येथे पाणी कुठून येते आणि ते हटले की काय होते?

नदी सरकली, नगर ओस पडले

देशाच्या आग्नेय भागात अफगाणिस्तानातून उतरणारी मुर्गाब नदी वाहते. ती समुद्राला मिळत नाही. वाळवंटात अनेक फाटे फुटून ती वाळूतच जिरते. या फाट्यांच्या काठी चार हजार वर्षांपूर्वी गोनुर हे कांस्ययुगीन नगर नांदत होते. मारी या आजच्या शहराच्या उत्तरेला त्याचे मातीचे तट, राजवाडा आणि दफनभूमी यांचे अवशेष दिसतात. पुरातत्त्वज्ञ विक्टर सारिआनिदी यांनी आपल्या आयुष्यातील अनेक दशके या उत्खननाला दिली. हत्तीची आकृती आणि सिंधू लिपीतील चिन्हे असलेली एक मुद्रा येथे सापडली आहे. हडप्पाकालीन व्यापाऱ्यांचे हात किती दूरवर पोहोचले होते, याची ही खूण भारतीय प्रवाशाला थबकायला लावते. पुढे नदीचे फाटे सरकले आणि पाण्यामागोमाग माणसेही निघून गेली.

मारीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, बायरामअलीजवळ मर्व्हचे अवशेष पसरले आहेत. १९९९ साली 'युनेस्को'ने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. मर्व्ह हे एक शहर नव्हे. एक जुने झाले की त्याच्या शेजारी दुसरे, अशी वसत गेलेली ती शहरांची रांग आहे. ग्यावूर-कला या जुन्या नगरात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले असून, या परिसरात भूर्जपत्रावरील संस्कृत हस्तलिखितही सापडले आहे. बाराव्या शतकात सेल्जुक सुलतान संजरच्या काळी मर्व्हची गणना जगातील मोठ्या शहरांत होत असे. संजरची भव्य घुमटाकार कबर आजही सपाट माळावर एकटी उभी आहे.

या वैभवाचा आधार होता मुर्गाबवरील बंधारा. पाण्याच्या वाटपासाठी येथे स्वतंत्र अधिकारी असे आणि त्याच्या हाताखाली हजारो माणसे राबत. १२२१ साली चंगेझखानाचा मुलगा तोलुई याच्या सैन्याने शहराची कत्तल केली. त्यातून मर्व्ह हळूहळू सावरले. पण १७८५ साली बुखाऱ्याच्या शाह मुरादने बंधाराच फोडला, तेव्हा उरलेली शेती सुकली आणि वस्ती उठली. तलवारीपेक्षा फुटलेला बंधारा अधिक घातक ठरला, असे मर्व्हचा इतिहास सांगतो.

उत्तर टोकाच्या कुन्या-उर्गेंचची कहाणी याच धाटणीची आहे. एके काळी गुरगंज नावाने ओळखले जाणारे हे नगर ख्वारज्म राज्याची राजधानी होते. भारतावर विख्यात ग्रंथ लिहिणारा अल-बिरुनी महमूद गझनवीच्या पदरी जाण्यापूर्वी याच दरबारात होता. १२२१ साली मंगोलांनी आणि १३८८ साली तैमूरने हे शहर उद्ध्वस्त केले. पुढे अमुदर्याचा प्रवाह बदलल्यावर ते कायमचे मागे पडले. सुमारे ६० मीटर उंचीचा कुतलुग तैमूर मिनार आणि नक्षीदार छताची तोरेबेग खानुमची कबर आजही पाहावयास मिळते. २००५पासून हे स्थळही जागतिक वारशात आहे.

कालवा आणि संगमरवर

राजधानी अश्गाबात पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी. ६ ऑक्टोबर १९४८च्या भूकंपात हे शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले. सोव्हिएत राजवटीने मृतांचा खरा आकडा दडवला. आजचे अंदाज दहा हजारांपासून एक लाखाहून अधिक इतके भिन्न आहेत. शहर पुन्हा उभे राहिले. त्याच्या वाढीला पाणी पुरवले ते काराकुम कालव्याने. १९५४ साली सुरू झालेला हा कालवा अमुदर्याचे पाणी वाळवंटातून पश्चिमेकडे नेतो. १९६२ साली तो अश्गाबातला पोहोचला. आज त्याची लांबी सुमारे १३७५ किलोमीटर आहे.

या कालव्याने कापूस पिकवला, शहरे जगवली. पण त्याची किंमतही मोठी होती. बहुतांश कालवा अस्तर नसलेला असल्याने पाण्याचा मोठा वाटा वाळूत मुरतो. भोवतालची जमीन खारावली. अमुदर्या आणि सिरदर्या यांचे पाणी अशा रीतीने कापसाकडे वळल्यामुळेच अरल समुद्र आटत गेला.

१९९१च्या स्वातंत्र्यानंतर पहिले अध्यक्ष सापरमुरात नियाझोव यांनी स्वतःला 'तुर्कमेनबाशी' म्हणजे तुर्कमेनांचा प्रमुख म्हणवून घेतले. महिन्यांना त्यांनी स्वतःचे आणि आईचे नाव दिले, सूर्याच्या दिशेने फिरणारा आपला सोनेरी पुतळा ७५ मीटर उंच कमानीवर उभारला. २००६ साली त्यांचे निधन झाले. महिन्यांची जुनी नावे २००८ साली परतली आणि कमान शहराबाहेर हलवण्यात आली. त्यानंतर गुर्बानगुली बेर्दिमुहामेदोव आणि २०२२पासून त्यांचे पुत्र सेरदार अध्यक्षपदी आले. पांढऱ्या संगमरवराचा सोस मात्र वाढतच गेला. २०१३ साली 'गिनेस'ने नोंद केली, तेव्हा २२ चौरस किलोमीटर परिसरात अशा ५४३ नव्या इमारती होत्या. रुंद रस्त्यांवर माणसे तुरळक आणि कारंजी मुबलक, असे दृश्य प्रवाशाला प्रथम चकित करते. कारंज्यांमागचा कालवा आठवला, की ते अस्वस्थ करते.

या थाटाला पैसा पुरवतो तो नैसर्गिक वायू. त्याच्या साठ्यांत तुर्कमेनिस्तान जगातील पहिल्या चार-पाच देशांत गणला जातो. नागरिकांना १९९३पासून वायू, वीज आणि पाणी ठरावीक प्रमाणात मोफत मिळे. ही सवलत २०१९च्या आरंभी बंद झाली. हा वायू अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे भारतात आणण्यासाठी आखलेली 'तापी' वाहिनी अद्याप आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

दरवाझाची आग

अश्गाबातच्या उत्तरेला सुमारे २६० किलोमीटरवर दरवाझाचे प्रसिद्ध विवर आहे. सुमारे ७० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल अशा या खड्ड्यात अनेक दशके वायू जळत आहे. १९७१ साली खोदकाम करताना जमीन खचली आणि विषारी वायू पसरू नये म्हणून तो पेटवण्यात आला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तुर्कमेन भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते मात्र खड्डा १९६०च्या दशकातच पडला आणि आग नंतर लागली. २०२२ साली ती विझवण्याचे आदेश निघाले. २०२५ साली तेथील अधिकाऱ्यांनी ज्वाला पूर्वीपेक्षा खूपच मंदावल्याचे जाहीर केले. छायाचित्रांतले अग्निकुंड पाहायला मिळेल, ही अपेक्षा त्यामुळे आवरती घ्यावी. वाळवंटातील रात्र आणि स्वच्छ आकाश यांसाठीही येथे मुक्काम करण्यासारखा आहे.

जाणाऱ्यांसाठी

येथील पर्यटक व्हिसा मिळणे सोपे नाही. स्थानिक पर्यटन संस्थेमार्फत निमंत्रणपत्र घेणे आणि प्रवासात वाटाड्या बरोबर असणे, ही वर्षानुवर्षांची अट आहे. २०२५ साली ई-व्हिसाचा कायदा संमत झाला असला, तरी आखणीपूर्वी वकिलातीकडून ताजे नियम जाणून घ्यावेत. विमानप्रवास बहुधा इस्तंबूल किंवा दुबईमार्गे करावा लागतो. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सुसह्य. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर हिवाळ्यात गोठणबिंदूखाली उतरतो.

मनात हे चलन देशाबाहेर मिळत नाही आणि कार्डे क्वचितच चालतात. त्यामुळे स्वच्छ, न फाटलेल्या डॉलरच्या नोटा पुरेशा न्याव्यात. इंटरनेटवर कडक निर्बंध आहेत. सरकारी इमारती, पोलीस आणि सीमाभाग यांची छायाचित्रे घेऊ नयेत. माध्यमस्वातंत्र्याच्या जागतिक क्रमवारीत हा देश तळाशी असतो. प्रवासी काही दिवसांत परततो. राजकारणावरील मोकळ्या गप्पांचा भुर्दंड यजमानाला पडू शकतो, हे भान सोडू नये.

माणसे मात्र अगत्यशील आहेत. तंदुरात भाजलेला 'चोरेक' पाव, हिरवा चहा, उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचे 'चाल' आणि रसाळ खरबुजे यांनी पाहुणचार होतो. पाव येथे पवित्र मानतात. तो पालथा ठेवणे अशिष्टपणाचे समजले जाते. जेवण मांसप्रधान असल्याने शाकाहाऱ्यांनी कोरडा शिधा जवळ बाळगावा. हातविणीचा गालिचा घेतल्यास तो बाहेर नेण्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. अश्गाबातजवळील पार्थियन काळातील निसा, मर्व्ह, दरवाझा आणि कुन्या-उर्गेंच पाहण्यास आठ दिवस पुरतात; गोनुरसाठी आणखी एक दिवस राखावा.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तुर्कमेनिस्तानात 'पाण्याचा थेंब, सोन्याचा कण' या नावाचा सण साजरा होतो. २०२२पासून अफगाणिस्तानात कोश तेपा हा सुमारे २८५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदला जात आहे. तो पूर्ण झाल्यावर अमुदर्याचे पाणी तुर्कमेन कालव्याच्या मुखापूर्वीच मोठ्या प्रमाणावर वळवले जाईल. गोनुर, मर्व्ह आणि गुरगंज पाहून अश्गाबातला परतलेल्या प्रवाशाला या बातमीचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.